खुनी कोण यापेक्षा केस कोर्टात टिकेल का

आमच्या ग्रुपात क्राइम सीरिजचा विषय निघाला की स्कँडिनेव्हियन, कोरियन, ब्रिटिश सगळ्यांची नावं येतात पण फ्रेंच सीरिजचं नाव कोणी घेत नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय. 'आँग्रनाज', बाहेरच्या देशांत 'स्पायरल' नावाने दाखवलेली. कनाल प्लुस या फ्रेंच चॅनलवर 2005 ते 2020, आठ सीझन. 2015 ला इंटरनॅशनल एमी मिळालंय. माझ्या मते टीव्हीवर पोलिसांचं काम इतकं खरं क्वचितच कोणी दाखवलं असेल.

पहिला सीझन एका रोमानियन तरुणीच्या मृतदेहापासून सुरू होतो. पण तिला कोणी मारलं एवढाच प्रश्न असता तर मी एवढी गुंतले नसते. खरी धाकधूक वेगळीच असते. पकडलेला माणूस ठरलेल्या वेळेत सोडायला लागेल का, फोन टॅप करायची परवानगी मिळेल का, आणि मिळालेला पुरावा वकील कोर्टात उडवून लावेल का. या सीरिजची एक क्रिएटर अलेक्झांद्रा क्लेर स्वतः आधी वकील होती आणि ते जाणवतं, कारण कागदपत्रांचे सीनसुद्धा जीव मुठीत धरून बघायला लावतात.

आपल्याकडे तपास पोलिसांचा आणि मॅजिस्ट्रेटसमोर नेलं की रिमांड, एवढं आपल्याला माहीत असतं. फ्रान्समध्ये गंभीर गुन्ह्यात 'ज्यूज दँस्त्र्युक्सिओं' म्हणजे तपास करणारा न्यायाधीश असतो, तो झडतीचे, टॅपिंगचे आदेश देतो, आरोपीला स्वतः प्रश्न विचारतो, पोलिस त्याच्या हुकमाने काम करतात, आणि आरोपीच्या विरोधातला पुरावा जसा शोधायचा तसा बाजूने जाणारा पण शोधणं त्याचं कायद्याने कर्तव्य आहे. सीरिजमध्ये तो आहे फ्रान्स्वा रोबाँ. फिलीप द्युक्लोने काय काम केलंय! बारीक अंगाचा, एकटा, फायलींच्या ढिगाऱ्यात बसलेला माणूस, आवाज चढवत नाही, आणि तरी मोठमोठे लोक त्याच्यासमोर अस्वस्थ होतात. 2009 मध्ये राष्ट्राध्यक्ष सार्कोझींनी हे पदच रद्द करायचं जाहीर केलं होतं, ते शेवटी झालं नाही, पण 2010 च्या तिसऱ्या सीझनमध्ये रोबाँ राजकारण्यांच्या मागे लागतो ते हे डोक्यात ठेवून बघा, वेगळंच वजन येतं त्याला.

आणि चौकशीचे सीन!! 2011 पर्यंत तिथे वकिलाला कोठडीतल्या माणसाला सुरुवातीला अर्धा तास भेटता यायचं, प्रत्यक्ष चौकशीत बसता यायचं नाही. 2011 मध्ये कायदा बदलला आणि वकील शेजारी बसायला लागला. इतकी वर्षं चाललेल्या सीरिजमध्ये हा बदल डोळ्यांसमोर घडताना दिसतो. असं दुसरीकडे मी तरी पाहिलेलं नाही.

लोर बेर्तो ही पोलिस टीमची कॅप्टन, कारोलीन प्रूस्तने केलीय. दमलेली, केस विस्कटलेले, तेच जाकीट, टीमसाठी जीव टाकणारी आणि त्याच टीमसाठी नियम वाकवणारी. तिचा सहकारी जिलू तर तिच्याही पुढे जातो. मला सगळ्यात आवडतं ते हे की त्यांनी वाकवलेला नियम कथा विसरत नाही. आज एका खबऱ्याला वाचवायला रिपोर्टमध्ये एक ओळ बदलली तर ती पुढे कधीतरी कोणाच्या तरी हातात पडतेच. आपल्याकडे सिनेमात पोलिसाने कायदा हातात घेतला की थिएटरात शिट्ट्या पडतात, इथे त्याची किंमत मोजायला लागते, आणि कधीकधी ती किंमत दुसराच कोणीतरी मोजतो.

जोझेफीन कार्लसन ही वकील (ओद्रे फ्लरो) आधी प्रचंड राग आणते, पैसा आणि नाव याच्याच मागे. पण पुढे पुढे तिच्याबद्दल माझं मत इतक्यांदा बदललंय की आता ती माझी सगळ्यात आवडती आहे. काय होतं ते सांगत नाही.

"फार डार्क आहे गं, झोप उडते" असं मैत्रीण म्हणाली. मान्य, हिंसा आहे, मृतदेह जवळून दाखवतात, ज्यांना नाही झेपत त्यांनी नका बघू. पण हा अंधार उगाच वातावरणनिर्मितीसाठी नाहीये. हे पॅरिस बार्बेस या स्थलांतरितांच्या वस्तीचं आहे, उपनगरांतल्या गरिबांच्या टॉवरांचं आहे, कागदपत्रं नसलेल्या लोकांचं आहे, आठव्या सीझनमध्ये तर रस्त्यावर राहणारी मोरोक्कन पोरं आहेत ज्यांची जबाबदारी घ्यायला कोणी तयार नाही. हे उजेडात, छान पार्श्वसंगीत लावून कसं दाखवणार?

बघणार असाल तर फ्रेंचमध्येच बघा, सबटायटल लावून, कारण ते लोक एकमेकांचं बोलणं तोडत, पुटपुटत, शिव्या देत बोलतात आणि डबिंगमध्ये ते सगळं जातं. पहिला सीझन थोडा संथ आणि जुना वाटेल, दुसरा पकड घेतो, आणि तिसऱ्यापर्यंत पोचलात की मला मेसेज करा, रोबाँबद्दल बोलायला मला कोणीतरी हवंच आहे.