कातडी आमची, सराव तुमचा

टॅटूचं दुकान काढायला काय लागतं? मशीन, शाई, खुर्ची, भाड्याची जागा आणि अनुभव. यातल्या पहिल्या चार गोष्टींची हप्त्यांवर सोय होते.

पाचवीसाठी एखाद्या जाणत्या आर्टिस्टकडे उमेदवारी करावी लागते. मी केली. त्या काळात मी फरशी पुसली, खुर्च्या पुसल्या, गिऱ्हाइकांचा घाम पुसला आणि मशीन एकदाची हातात आली तेव्हा तीही पुसून परत ठेवली. मग सिलिकॉनच्या नकली कातडीवर रेघा ओढत बसलो. नकली कातडी फार सज्जन असते. ती दचकत नाही, तिला रक्त येत नाही, ती ‘अजून किती वेळ?’ विचारत नाही आणि मुख्य म्हणजे तिच्यासोबत तिचे भावोजी येत नाहीत.

परवा आले.

पोरगा विशीतला. दंडावर विंचू हवा, एवढं सांगून तो खुर्चीत बसला आणि गप्प झाला. पुढचं सगळं खातं भावोजींकडे होतं. त्यांनी आधी जागा विकत घ्यायला आल्यासारख्या भिंती ठोकून पाहिल्या. मग माझ्या कामाची वही मागितली आणि बोटाला थुंकी लावून पानं उलटायला सुरुवात केली.

“ही मांडी कुणाची?”

“माझीच.”

“तिच्यावरचं जहाज उलटं का?”

मी समजावलं, की आपल्याच मांडीवर आपणच काढायचं म्हटलं की चित्र आपल्या बाजूने सरळ येतं आणि समोरच्याला उलटं दिसतं.

“म्हणजे दुसऱ्याला सरळ दिसेल असं अजून काढलेलं नाही.”

“पुढच्या पानावर गुलाब आहे बघा.”

“हा कुणाच्या अंगावर?”

“सिलिकॉन.”

“बाहेरच्या का त्या?”

मी विषय बदलला. त्यांनी तो परत जागेवर आणला. “धंद्यात किती वर्षं झाली?” मी म्हटलं, “दुकान नवीन आहे.” हे उत्तर नव्हे, पण खोटंही नव्हे.

भावोजींनी वही मिटली आणि खुर्ची पुढे ओढली. “मग आता हिशेबाचं बोलू, साहेब. कातडी आमची. दुखणार आम्हाला. खपली आमची, खाज आमची. दोन-चार आठवडे मलम लावायचं आम्ही, उन्हात जायचं नाही आम्ही, पोहायचं नाही आम्ही. आणि सराव होणार तुमचा. तर तुम्ही याला काय देणार?”

मला वाटलं सूट मागताहेत. मी मोठ्या मनाने थोडे कमी करतो म्हणालो.

“कमी नाही हो. द्याल किती? गाडी शिकणारा गाडीचे पैसे भरतो. गाडी त्याला भरते का?”

राग मला या गोष्टीचा आला, की मुद्दा बरोबर होता. म्हणजे बरोबर नव्हता, पण खोडता येईना. खरं तर तेव्हाच दोघांना वाट दाखवायला हवी होती. पण त्या आठवड्यात दुकानात शिरलेली ही पहिली कातडी होती.

“बरं, गॅरंटी काय?” भावोजी म्हणाले.

इथे मला बळ आलं. हा भाग मी वाचलेला होता. म्हटलं, सुई साधारण एक ते दोन मिलिमीटर आत जाते. वरची कातडी सतत झडत असते, म्हणून शाई तिच्या खालच्या थरात ठेवायची. वर राहिली तर उडून जाते, फार खोल गेली तर रेघेबाहेर निळसर पसरते. धंद्यात त्याला ब्लोआउट म्हणतात. शाई आत गेली की शरीराला वाटतं शत्रू आला. मॅक्रोफेज नावाच्या पेशी धावत येतात, शाई गिळतात, आणि ती पचत नाही म्हणून तशाच बसून राहतात. पेशी मेली की सांडलेली शाई नवी पेशी गिळते. २०१८ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांच्या शेपट्यांवर हिरवं गोंदवून हे दाखवून दिलं. (त्या उंदरांनी सरावाचे पैसे मागितल्याची नोंद नाही.)

भावोजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे टिकवायचं काम आमच्याच पेशी करणार,” ते म्हणाले. “त्यांच्या जिवावर गॅरंटी तुम्ही देणार. आणि पैसे परत तुम्हीच घेणार.”

आता एक सांगतो. या माणसाने तासभर माझी उलटतपासणी घेतली, जहाजाची, गुलाबाची, पेशींची चौकशी केली. सुई नवी आहे का, हे विचारलं नाही. कुणीच विचारत नाही. मी सुईचं सीलबंद कार्ट्रिज गिऱ्हाइकासमोर फोडतो, शाई छोट्या टोपणात काढून घेतो आणि उरलेली फेकून देतो. धातूच्या ग्रिप, म्हणजे मशीनच्या मुठी, ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेत १५ मिनिटं ठेवतो, आणि आत जंतू खरंच मरतात का, याचीही अधूनमधून चाचणी करतो. वापरलेल्या सुईतून हेपटायटिस बी आणि सी दोन्ही जाऊ शकतात. माझा निम्मा पैसा या न दिसणाऱ्या कामात जातो. लोक येतात, भिंतीवरचं कवटीचं पोस्टर बघतात आणि म्हणतात, ‘दुकान चांगलंय.’ ते पोस्टर शाईच्या खोक्यासोबत फुकट आलं होतं. आणि जे महाभाग त्याच हातमोज्याने फोन उचलतात, नाक खाजवतात आणि पुन्हा मशीन धरतात, त्यांच्या दारात रांगा, कारण त्यांना वीस वर्षांचा अनुभव आहे. असेल. नाक खाजवण्याचाही वीस वर्षांचाच असेल.

असो.

शेवटी भावोजींनी ‘चला, करा सुरू’ म्हणून परवानगी दिली. मी पोराचा दंड भादरला, पुसला, स्टेन्सिल दाबून बसवली आणि हलकेच कागद ओढला. जांभळा विंचू असा काही उठला की मीच पाहत राहिलो. नांग्या, पाय, शेपटीचा आकडा, एक रेघ तुटली नव्हती. स्टेन्सिल थोडी वाळू द्यावी लागते. तेवढ्यात मी कार्ट्रिजचं सील फोडलं.

भावोजींनी पोराला आरशासमोर उभं केलं. वळवलं. फोटो काढले.

“हा असा किती टिकेल?”

“घासला नाही तर दोनेक दिवस.”

“आणि हे दुखत नाही?”

“नाही, हा नुसता छाप आहे.”

“मग झालं की!”

पोरगा पहिल्यांदाच बोलला. “भारी,” म्हणाला. आणि दोघे गेले. छापाचे पैसे घेतात हे भावोजींना मान्य नव्हतं, आणि फोडलेलं कार्ट्रिज मी सुयांच्या डब्यात टाकलं.

एडिसनने १८७६ साली विजेवर चालणाऱ्या लेखणीचं पेटंट घेतलं, ते कागदाला बारीक भोकं पाडून स्टेन्सिल करण्यासाठी. पुढे तिच्यावरूनच न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायलीने टॅटूचं मशीन बनवलं आणि १८९१ मध्ये पेटंट मिळवलं. स्टेन्सिलपासून कातडीपर्यंत यायला विद्येला पंधरा वर्षं लागली. भावोजींनी तिला एका दुपारी परत स्टेन्सिलवर नेऊन सोडलं.

आज सकाळी दुकानाच्या नावावर एक शेरा पडला आहे. दोन तारे. ‘जागा स्वच्छ. माणूस बोलतो फार. विंचू दुसऱ्या आंघोळीत गेला. अनुभव कमी वाटतो.’

खाली एका बाईंनी विचारलं आहे, की दोन आंघोळी टिकेल असं फुलपाखरू मिळेल का, लग्नापुरतंच हवं आहे. त्यांना भाव काय सांगावा, ते ठरेना.