एकाच देवाचा हिशोब: थेरोसवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

थेरोसवरच्या माझ्या लेखावर तुम्ही इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. तिला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून इथे स्वतंत्र लिहितो आहे.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. थेरोस हे ग्रीक पुराणकथांवर बेतलेलं जग. २०१३ मध्ये ते 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळात आलं आणि २०२० मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या (टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन आणि फासे टाकून गोष्ट रचत खेळायचा खेळ) पाचव्या आवृत्तीसाठी त्यावर वेगळं पुस्तक निघालं. तुमचं म्हणणं असं की त्या पुस्तकाने भक्तीला वाण्याच्या वहीत बसवलं; ग्रीक कथेत नियती अटळ असते, तिथे फाशांचं कामच काय; आणि हेलिओद, थासा, एरेबोस हे देव म्हणजे झ्यूस, पोसायडन, हेडीज यांच्या फिक्या नकला आहेत, आणि देव माणसांच्या विश्वासातून घडतात ही तर आधुनिक कल्पना. शेवटी तुम्ही विचारलंत की मराठीत लिहायचंच होतं तर आपली पुराणं काय कमी होती?

वहीपासून सुरुवात करतो, कारण तिथे माझा तुमच्याशी सगळ्यात मोठा मतभेद आहे.

त्या पुस्तकातला पायटी स्कोअर, म्हणजे भक्तीचे गुण, चालतो तो असा. खेळाडू एक देव निवडतो आणि खातं १ पासून उघडतं. देवाला रुचेल असं काही केलं की गुण वाढतो, त्याच्या मनाविरुद्ध वागलं की घटतो, आणि ३, १०, २५, ५० या टप्प्यांवर देव काही ना काही पदरात टाकतो. तुम्हाला यात श्रद्धेचा अपमान दिसतो. मला यात थेट प्राचीन ग्रीक माणूस दिसतो. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात ब्राँझची एक वीतभर उंचीची मूर्ती आहे, मूळची थीब्जची, इसवी सनपूर्व सातव्या शतकाच्या सुरुवातीची. तिच्या मांड्यांवर अक्षरं कोरलेली आहेत. मांटिक्लोस नावाच्या माणसाने आपल्या मिळकतीच्या दहाव्या हिश्शातून ती चंदेरी धनुष्यवाल्या देवाला, म्हणजे फीबस अपोलोला, वाहिली, असं त्यात लिहिलंय, आणि लगेच पुढे म्हटलंय की आता तूही, फीबस, बदल्यात काहीतरी चांगलं दे. देणगी आणि मागणी एकाच दमात, देवासमोर, कायमची कोरलेली. त्यात त्याला लाजण्यासारखं काही वाटलं नाही.

इलियडच्या पहिल्याच सर्गात म्हातारा पुजारी क्रायसिस अपोलोला हाक मारतो तीही अशीच. मी कधी तुझं देऊळ शाकारलं असेल, बैलांच्या आणि बोकडांच्या चरबीदार मांड्या तुझ्यासाठी जाळल्या असतील, तर माझं एवढं ऐक. अपोलो ते ऐकतो आणि नऊ दिवस ग्रीक छावणीवर रोगाचे बाण सोडतो. तुमच्या मनात काय आहे, तुमचा विश्वास किती गाढ आहे, हे ग्रीक देव सहसा विचारत नसत. तुम्ही काय केलंत, हे विचारत. आपल्याकडे नवस बोलून तो फेडणाऱ्या माणसाला आपण भक्त म्हणतोच की. तेव्हा आकडा पाहून बिचकायचं कारण नाही. डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, तो आकडा कशाबद्दल दिला, हे पाहायला हवं. नुसतं 'मी प्रार्थना करतो' म्हणणाऱ्याला गुण मिळत असेल तर खेळ खरंच पोकळ होतो. आमच्या टेबलावर पात्राला जे गमावणं जड जाईल तेच वाहिलं तर गुण.

आता फासे. व्हॅटिकनच्या संग्रहात एक्सेकियास या कुंभाराचा एक प्रसिद्ध कुंभ आहे, इसवी सनपूर्व ५४० ते ५३० च्या सुमाराचा. त्यावर अकिलिस आणि एजॅक्स चिलखत घालून, भाले हातात धरून, पटावर वाकलेले आहेत. अकिलिसच्या डोक्यावर शिरस्त्राण आहे, एजॅक्सचं मागे ढालीवर ठेवलेलं. दोघांच्या तोंडाशी त्यांचे शब्द लिहिलेत. अकिलिस म्हणतो 'चार', एजॅक्स म्हणतो 'तीन'. हा कुंभ हातात घेणाऱ्या प्रत्येकाला दोघांचा शेवट ठाऊक होता. अकिलिस ट्रॉयसमोर पडणार, एजॅक्स त्याचं प्रेत खांद्यावर वाहून आणणार आणि पुढे अकिलिसच्याच शस्त्रांच्या वादातून स्वतःच्या तलवारीवर पडणार. तरीही चित्रकाराने क्षण निवडला तो दान पडण्याचा. अटळ शेवट आणि न ठरलेलं दान एकाच चित्रात सुखाने नांदतात.

शिवाय फासा हा देवाला कौल विचारायचाही मार्ग होता. आजच्या तुर्कस्तानाच्या दक्षिण भागात रोमन काळातले ग्रीक शिलालेख सापडले आहेत. पाच अस्थिफासे टाकायचे, प्रत्येकावर १, ३, ४ किंवा ६, म्हणजे एकूण ५६ प्रकारची दानं. प्रत्येक दानाला एकेका देवतेचं नाव आणि खाली पद्यात सल्ला: प्रवासाला निघ, थांब, आजारी माणूस वाचेल. हे वाचल्यापासून मी मोहिमेच्या, म्हणजे अनेक बैठकींत चालणाऱ्या सलग गोष्टीच्या, पहिल्याच सेशनला प्रत्येक पात्राला एक भाकीत देतो आणि ते मोडू देत नाही. एका ट्रायटन पॅलाडिनला (समुद्रात राहणाऱ्या जमातीतला धर्मयोद्धा) सांगितलं होतं की समुद्रच तुला परका म्हणेल. तो खेळाडू पुढचा सगळा वेळ किनाऱ्याकडे पाठ फिरवून मार्ग काढत राहिला, आणि त्यातूनच त्याची गोष्ट घडली. फासे तिथे 'कसं' ठरवत होते, 'काय' ते आधीच ठरलेलं होतं.

आपल्या पुराणांबद्दल. ती कमी नाहीतच, आणि कुणी त्यावर नीट सेटिंग रचलं तर मी पहिला खेळायला बसेन. पण आमच्या गटात असं आहे की ज्या देवाची घरी रोज पूजा होते त्याच्याशी टेबलावर भांडायला, त्याला फसवायला जीभ रेटत नाही. ग्रीक देवांशी ती रेटते, आणि या कथांचा अर्धा प्राण त्या भांडणात आहे.

नकलेचा आरोप मला निम्मा पटतो. समुद्रदेवी थासाची लाट पाहून पोसायडन आठवणारच. पण रचना बारकाईने पाहा. थेरोसच्या पंधरा देवांत झ्यूससारखा सर्वमान्य राजा नाही. वीज केरानोस या वेगळ्याच देवाकडे आहे, आणि हेलिओदला राजा व्हायचंय, हीच तिथली मोठी ठिणगी आहे. तिथले देव माणसांच्या विश्वासातून घडतात, म्हणून माणसांचं मन वळलं की देवाचं बळही हलतं. तुम्ही याला आधुनिक कल्पना म्हणालात. पण डिमीटरच्या होमरी स्तोत्रात मुलगी हरवलेली डिमीटर धान्य उगवूच देत नाही, माणसं उपासमारीने संपायला येतात, आणि त्यांच्यासोबत देवांना मिळणारे बळी आणि मानही संपणार म्हटल्यावर झ्यूसला नमतं घ्यावं लागतं. देवांना माणसांची गरज असते, हे बीज तिथेच आहे.

थेरोसची खरी उणीव मला वेगळ्या ठिकाणी दिसते आणि ती तुमच्या यादीत नव्हती. पुस्तक तुम्हाला एक देव निवडायला लावतं. बाकी चौदांशी तुमचं खातंच नाही. ग्रीकांना हे धोक्याचं वाटलं असतं. कॅलिडॉनचा राजा ओइनिअस सुगीच्या बळीत बाकी सगळ्या देवांना आठवतो आणि एकट्या आर्टेमिसला विसरतो, तर ती त्याच्या शेतांवर रानडुक्कर सोडते. युरिपिडीजचं हिपोलिटसवरचं नाटक अथेन्समध्ये इसवी सनपूर्व ४२८ मध्ये सादर झालं, त्यात तर हा प्रश्नच केंद्रस्थानी आहे. हिपोलिटस आर्टेमिसचा परमभक्त. दाराशी अफ्रोदितीची मूर्ती आहे, तिलाही नमस्कार कर, असं म्हातारा सेवक विनवतो. हा म्हणतो, मी शुद्ध आहे, तिला लांबूनच नमस्कार. नाटक संपतं तेव्हा तो चिरडलेल्या अंगाने मरत पडलेला असतो, आणि आर्टेमिस त्याला सोडून निघून जाते, कारण देवांनी मृत्यू पाहायचा नसतो. थेरोसच्या हिशोबात हिपोलिटसचा पायटी स्कोअर ५० भरला असता आणि पुस्तकाने त्याला सर्वोच्च वर दिला असता. तुम्ही वहीवर नाराज आहात. माझी तक्रार आहे की वहीत एकच पान आहे.

म्हणून मी एक नियम जोडला आहे. पात्रं बंदर सोडतात, शेत तुडवतात, वेशीतून आत येतात, प्रेत पुरतात, तेव्हा त्या त्या देवाला कुणीतरी काहीतरी वाहायचं. कुणी नाही वाहिलं तर मी गुपचूप त्या देवाच्या नावापुढे एक खूण करतो. तीन खुणा झाल्या की तो देव हात उगारतो, आणि रोख असतो त्या पात्रावर, ज्याचा दुसऱ्या कुठल्याही देवाशी स्कोअर सगळ्यात जास्त आहे. विजयाचा देव इरोआस याची एक भक्त अशीच मेलेटिस शहरातून तिसऱ्यांदा जहाजात चढली, थासाला घोटभर वाइनही न देता. वाटेत लाटेने नेमकी तिची ढाल नेली, अक्रोस शहरातल्या खेळांत जिंकलेली. ती ढाल परत मिळवायची तर इरोआसला नको असलेलं काम थासासाठी करावं लागणार होतं, आणि पुढचे सगळे सेशन त्या पेचावर चालले.

तीन खुणा हे प्रमाण मला अजून थोडं सैल वाटतं. मोठ्या गटात दोन पुरतील बहुतेक. तुम्ही स्वतः मोहीम चालवता असं लिहिलंय, तर करून पाहा आणि तुमच्या टेबलावर कुठला देव आधी चिडला ते कळवा.