'सात वर्षं कैद'च्या मेसेजबद्दल खुलासा

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर फिरतंय, की १ जुलै २०२४ पासून पैसे घेऊन शरीरसंबंध ठेवणारी बाई आणि गिऱ्हाईक, दोघांनाही सात वर्षं कैद. हे खरं नाही.

सात वर्षांचा आकडा भारतीय न्याय संहितेच्या (नव्या फौजदारी कायद्याच्या) कलम १४४ मधला. समोरची व्यक्ती तस्करीतून आणलेली आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असून, तिचं लैंगिक शोषण केलं तर ३ ते ७ वर्षं. मूल असेल तर ५ ते १०. शिक्षा शोषण करणाऱ्याला, तिला नव्हे!

१९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात कुंटणखाना, दलाली, उघड्यावर गिऱ्हाईक बोलावणं हे गुन्हे आहेत. देऊळ, शाळा, इस्पितळापासून २०० मीटरच्या आत मात्र गिऱ्हाइकालाही ३ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे मेसेजमध्ये नाहीच. सरसकट गिऱ्हाइकाला गुन्हेगार ठरवणारा कायदा स्वीडनचा, १९९९ चा.

हे काम करणाऱ्या बायांना पोलिसांनी सन्मानानं वागवावं, शिवीगाळ-मारहाण करू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये सांगितलंय. असल्या मेसेजनं त्याच धास्तावतात, मारहाण झाली तरी ठाण्यात जायला घाबरतात. मला सगळ्यात जास्त तेच खुपतं.

आणि हा मेसेज दाखवून फोनवर कुणी 'केस मिटवतो' म्हणत पैसे मागितले, तर देऊ नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.