हळदीच्या दुधाने स्मृतिभ्रंश टळतो का?

'भारतात अल्झायमर जगात सर्वांत कमी, कारण आपण रोज हळद खातो. हळदीतलं कर्क्यूमिन मेंदूत साचलेला मळ विरघळवतं, हे विज्ञानाने सिद्ध केलंय. रात्री हळदीच्या दुधात चिमूटभर मिरपूड घालून प्या. दुष्परिणाम शून्य, गोळ्यांची गरज नाही.' अशा आशयाचा संदेश घरोघरच्या ग्रुपांवर फिरत असतो. तो वाचून कुणीतरी आपल्या आईला डॉक्टरांकडे न्यायचं पुढे ढकलतं, म्हणून त्यातलं एकेक वाक्य तपासायलाच हवं.

'भारतात अल्झायमर सर्वांत कमी'

या वाक्याचं मूळ हरियाणातल्या बल्लभगढच्या अभ्यासात आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तिथल्या खेड्यांमधलं अल्झायमरच्या नव्या रुग्णांचं प्रमाण अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या एका भागापेक्षा खूपच कमी, साधारण चौथा हिस्सा, आढळलं. पण कोण किती हळद खातं याचा आजाराशी संबंध तिथे तपासलेलाच नव्हता. अपुरं आयुर्मान, आजार जडल्यावर लवकर येणारा मृत्यू, पाठपुराव्याचा छोटा काळ, ही संभाव्य कारणं संशोधकांनीच मांडली होती. अल्झायमरचा धोका वाढवणारं एक जनुकही त्या लोकांत तुलनेने कमी सापडलं होतं.

त्यानंतर देशभर पाहणी झाली. २०२३ साली आलेल्या आकड्यांनुसार साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, स्मृतिभ्रंश आहे. यात अल्झायमरसह सगळे प्रकार धरलेत. जागतिक आरोग्य संघटना जगासाठी ५ ते ८ टक्के असा अंदाज देत आली आहे. म्हणजे आपण त्याच रांगेत आहोत. शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा बायकांत प्रमाण जास्त निघालं. हळद तर या सगळ्यांच्याच स्वयंपाकात असते.

'कर्क्यूमिन मेंदूतला मळ विरघळवतं, हे सिद्ध झालंय'

कर्क्यूमिन म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारं द्रव्य. अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साचतात. परीक्षानळीत कर्क्यूमिन त्यांना चिकटतं आणि उंदरांमध्ये हे थर कमी झालेलेही दिसले. इथवर खरं आहे. माणसांवर मात्र गाडी अडली. हाँगकाँगमध्ये ३४ रुग्णांना सहा महिने रोज १ किंवा ४ ग्रॅम कर्क्यूमिन किंवा औषधविरहित गोळी दिली; फरक पडला नाही. अमेरिकेत ३६ रुग्णांना २४ आठवडे रोज २ किंवा ४ ग्रॅमपर्यंत दिलं. तिथेही फायदा नाही, आणि रक्तात उतरलेलं कर्क्यूमिन नगण्य.

आता आपल्या पेल्याकडे बघू. साध्या हळद पावडरीत कर्क्यूमिन सुमारे ३ टक्के असतं. चमचाभर, म्हणजे अंदाजे ३ ग्रॅम हळदीतून ९० मिलिग्रॅम मिळालं. ४ ग्रॅमसाठी रोज १३० ग्रॅमहून जास्त हळद खावी लागेल. वर्ध्याची वायगाव हळद कर्क्यूमिनसाठी नावाजलेली, ते ६ टक्क्यांच्या आसपास धरलं तरी सुमारे ६७ ग्रॅम! आणि इतकं घेऊनही त्या रुग्णांना उपयोग झाला नव्हता.

हे द्रव्य टिकतही नाही. रक्ताइतकाच सामू (पीएच) असलेल्या द्रावणात, शरीराच्या तापमानाला, ते अर्ध्या तासात बहुतेक सगळं मोडून जातं. २०१७ साली औषध-रसायनशास्त्रज्ञांनी कर्क्यूमिनवरच्या १२० हून अधिक मानवी चाचण्यांचा धांडोळा घेतला. रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही गोळी कुठली ते ठाऊक नसतं, अशा कडक पद्धतीची एकही चाचणी त्यांना यशस्वी आढळली नाही.

उलट बाजूचा पुरावाही सांगायला हवा. लॉस एंजेलिसमध्ये २०१८ साली, स्मृतिभ्रंश नसलेल्या ४० जणांच्या अभ्यासात, दीड वर्ष कर्क्यूमिन घेणाऱ्यांची स्मरणशक्ती सुधारलेली दिसली. पण ते रक्तात सहज उतरावं म्हणून खास बनवलेलं कर्क्यूमिन होतं, आणि माणसं चाळीसच. एवढ्यावरून हळदीच्या दुधाची ग्वाही देता येत नाही.

अमेरिकेत दिलेलं हळदीचं पेटंट आपण रद्द करायला लावलं, हा दाखलाही या चर्चेत हमखास येतो. १९९७ चा तो विजय खरा आणि अभिमानाचा, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने तो मिळवला. पण तो वाद जखमेवर हळद लावण्याचा होता. मेंदूशी त्याचा काही संबंध नव्हता.

'मिरपूड घातली की शोषण होतं'

याला आधार बंगळुरूच्या १९९८ च्या प्रयोगाचा आहे. २ ग्रॅम कर्क्यूमिनसोबत मिऱ्यातलं पायपरीन २० मिलिग्रॅम दिल्यावर रक्तातलं प्रमाण वीसपट झालं. मुळात जवळजवळ शून्य असलेल्याची ही वीसपट, आणि तीही थोड्याच वेळापुरती. शिवाय पायपरीन हे साधतं ते औषधं मोडणाऱ्या यंत्रणेला रोखून. फिट्सवरचं फेनिटॉइन, रक्तदाबावरचं प्रोप्रॅनोलॉल यांचंही रक्तातलं प्रमाण त्याने वाढू शकतं. आमटीतल्या मिऱ्याची भीती नको. पायपरीन घातलेल्या कॅप्सूल मात्र, आधीच चार गोळ्या घेणाऱ्या आजोबांना, डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

'दुष्परिणाम शून्य'

स्वयंपाकातल्या हळदीपुरतं हे ठीक आहे. कॅप्सूलचं तसं नाही. २०१९ मध्ये इटलीत हळदीची पूरकं घेणाऱ्यांना यकृतदाह झाल्याच्या घटना पुढे आल्या, पुढे अमेरिकेतही असे रुग्ण नोंदले गेले.

भेसळीचा धोका मला याहून मोठा वाटतो. रंग खुलावा म्हणून हळदीत लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचं पिवळं रंगद्रव्य, मिसळलं जातं. शिसं मेंदूला थेट इजा करतं, मुलांच्या तर बुद्धीवरच घाला घालतं. बांगलादेशात २०१९ साली बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत ही भेसळ होती. सरकारने कडक कारवाई केल्यावर २०२१ मध्ये ती शून्यावर आली. आपल्याकडेही पिवळीधमक सुटी पावडर घेण्यापेक्षा हळकुंडं आणून दळून घेतलेली बरी, तीही पॉलिश केल्यासारखी चकचकीत नकोत.

'गोळ्यांची गरज नाही'

खरा संताप येतो तो या वाक्याचा. विसरायला होणं म्हणजे दर वेळी अल्झायमर नसतं. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या काही गोळ्या, यांनीही माणूस विसरतो आणि वेळेत कळलं तर सुधारू शकतो. पुण्यातल्या मध्यमवयीन पुरुषांच्या २००६ च्या अभ्यासात ६७ टक्के जणांच्या रक्तात बी-१२ कमी होतं. पिढ्यान् पिढ्या शाकाहारी असलेल्या घरांत तर ही तपासणी आधी व्हायला हवी. हळदीने बी-१२ वाढत नाही.

खाण्यातल्या बाकी रंगद्रव्यांचीही कथा कर्क्यूमिनपेक्षा फार वेगळी नाही. पालक-मेथीतलं ल्युटीन नावाचं रंगद्रव्य मेंदूत खरोखर पोचतं आणि पालेभाज्या खाणाऱ्यांची स्मरणशक्ती हळू घटल्याचं शिकागोच्या अभ्यासात दिसलं. पण साडेतीन हजार वृद्धांना पाच वर्षं ल्युटीनच्या गोळ्या दिल्या, तेव्हा बुद्धीच्या चाचण्यांत फरक पडला नाही. भाजी खा, गोळीवर पैसे घालू नका.

घरातलं कुणी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत असेल, ओळखीचा रस्ता चुकत असेल, हिशेबात गोंधळत असेल, तर बी-१२, थायरॉइड, साखर, रक्तदाब आणि कानांची तपासणी करून घ्या, चालू औषधांची यादी घेऊन फिजिशियन किंवा न्यूरॉलॉजिस्टकडे जा. हे याच आठवड्यात करा. रात्रीचं हळदीचं दूध आवडत असेल तर ते चालू ठेवायला काहीच हरकत नाही.