दुपारी सात, संध्याकाळी दोन

मंगळवारी दुपारी 2 वाजून 20 मिनिटांनी माझ्या फिल्टरमध्ये (आपण अटी द्यायच्या, त्यात बसणारे शेअर सॉफ्टवेअर शोधून देतं) सात शेअर होते. रात्री जेवायच्या आधी बघितलं तर दोन. आणि मी घेतलेला शेअर त्या दोनांत नव्हता. नसणारच! कधी असतो?

तीन वर्षं हा तमाशा चालू आहे आणि आज मला कुणावर तरी ओरडायचंय. बायकोने 'आरएसआय' (भावाच्या चढउताराचा जोर 0 ते 100 मध्ये सांगणारा आकडा) हा शब्द घरात काढायचा नाही असं बजावलंय, म्हणून तुमच्या माथी.

फिल्टर म्हणाल तर अगदी साधा. बंद भाव गेल्या 20 दिवसांच्या उच्चांकाच्या वर, व्हॉल्यूम 20 दिवसांच्या सरासरीच्या दुप्पट, भाव 200 डीएमएच्या, म्हणजे गेल्या 200 दिवसांच्या सरासरी भावाच्या वर आणि आरएसआय 60 च्या पुढे. महापेच्या ऑफिसात दुपारी चहाच्या वेळी कँटीनच्या कोपऱ्यात उभा राहून मी तो चालवतो. आता मला सांगा, दुपारी 2:20 ला 'बंद भाव' कुठून आला? बाजार बंद होतो 3:30 ला. पण सॉफ्टवेअर महाशय त्या क्षणी जो भाव चालू असेल त्यालाच बंद भाव धरून मोकळे. दिवसाची कॅन्डल, म्हणजे चार्टवरची त्या दिवसाच्या भावाची पट्टी, अजून कच्ची, आणि हे तव्यावरची अर्धी भाकरी ताटात वाढतात. शेवटच्या तासात कुणीतरी नफा काढून घेतो, भाव दोन टक्के खाली येतो, कॅन्डलला वर लांबलचक शेंडी उरते आणि शेअर यादीतून गुल. 'हा दुपारी होता, नंतर गळाला' अशी एक ओळ तरी लिहा ना रे! नाही. रात्री तीच यादी बघणाऱ्याला वाटतं, वा, काय नेमका फिल्टर आहे. गळालेले पाच त्याला दिसतच नाहीत. ते फक्त माझ्या डीमॅटमध्ये दिसतात.

"मग बाजार बंद झाल्यावर चालव ना," असं सांगणारे शहाणे मला भेटलेले आहेत. चालवला. महिनाभर रोज रात्री चालवला. सकाळी 9:15 ला मी ठाण्याहून सुटलेल्या ट्रान्स हार्बरच्या गाडीत असतो, एका हातात कडी, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि पाठीवर कुणाची तरी लॅपटॉपची बॅग. शेअर उघडतो तोच 4 टक्के वर. तोच फिल्टर काल रात्री माझ्यासारख्या किती जणांनी चालवला असेल देव जाणे, सगळे दारातच उभे. घाबरून मीही घेतो. दिघा गावला भाव अजून थोडा चढतो, ऐरोलीला थबकतो, रबाळ्याला उतरायला लागतो, आणि कोपरखैरण्याला मी उतरतो तेव्हा माझा आकडा लाल झालेला असतो. म्हणजे दुपारी घ्यावा तर संध्याकाळी सिग्नल गायब, रात्री थांबावं तर सकाळी गॅप-अप. करायचं काय माणसाने?

बरं, आकडे तरी एकमेकांशी जुळावेत. लॅपटॉपवर एका शेअरचा आरएसआय 61.2 आणि मोबाइलच्या अॅपवर 58.9. तोच शेअर, तोच दिवस, तोच 14 दिवसांचा हिशोब! दोन रात्री डोकं आपटल्यावर कळलं की आरएसआयचा जनक वेल्स वाइल्डर, त्याने 1978 साली हे गणित मांडलं तेव्हा रोजची सरासरी आदल्या दिवसाच्या सरासरीवरून काढायची अशी रीत ठेवली. त्यामुळे सुरुवात कुठल्या दिवसापासून केली यावर आजचा आकडा थोडा हलतो. एक सॉफ्टवेअर मागचे जेमतेम तीसेक दिवस घेतं, दुसरं चार-पाचशे. फरक दोन-अडीच अंकांचा, पण माझी अट 60 ची आहे ना! एकीकडे शेअर पास, दुसरीकडे नापास. वर बंद भावाचाही घोळ. आपल्याकडे एक्स्चेंजचा अधिकृत बंद भाव म्हणजे शेवटचा सौदा नव्हे, शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची व्हॉल्यूमप्रमाणे काढलेली सरासरी, ही रीत वर्षानुवर्षांची. एका चार्टवर शेवटचा सौदा 413.10, दुसरीकडे अधिकृत भाव 411.35, आणि माझा 20 दिवसांचा उच्चांक नेमका 412. ब्रेकआउट झाला, म्हणजे भावाने उच्चांक ओलांडला, की नाही? कुणाला विचारायचं? मदत केंद्राला मेल केली तर उत्तर आलं, 'कृपया पेज रिफ्रेश करा.'

पण खरी अब्रू गेली ती बोनसच्या वेळी. तेव्हा माझा दुसरा एक फिल्टर होता, 'स्वस्तात मस्त' नावाचा. (नाव मीच ठेवलं होतं, हसू नका.) आरएसआय 30 च्या खाली आणि भाव 52 आठवड्यांच्या नीचांकाजवळ. एका सकाळी त्यात एक चांगली, नावाजलेली, कर्ज नसलेली कंपनी आली. काल 1,240, आज 618. आरएसआय रसातळाला. मी थरथरत्या हाताने 40 शेअर घेतले. अर्ध्या किमतीत! रविवारी मामलेदारची मिसळ खाताना मेहुण्याला अगदी तपशीलवार सांगितलं, लोक घाबरून विकतात तेव्हा आपण कसं शांत राहायचं वगैरे. तो पावाचा तुकडा रश्श्यात बुडवून ऐकत होता. मग मोबाइल काढला, दोन सेकंद बघितलं आणि म्हणाला, "भावोजी, 1:1 बोनस होता. ती एक्स-डेट होती."

एक्स-डेट म्हणजे बोनस धरून नवा भाव सुरू होतो तो दिवस. एकाचे दोन शेअर झाले म्हणून भाव अर्धा झाला. पडलं काहीच नव्हतं. सॉफ्टवेअरने मागचे भाव बोनसप्रमाणे बदलून घ्यायचे असतात, ते त्याने दोन दिवसांनी घेतले, आणि तोवर अर्धवट चार्टवर माझा फिल्टर नाचत होता. दोन दिवसांनी तोच चार्ट उघडला तर ती भयानक दरी गायब, कशी छान सपाट रेघ. घडलंच नाही जणू! मेहुणा अजूनही घरी आला की दारातूनच विचारतो, "काय मग, अर्ध्या किमतीत काही आलंय का?"

छोट्या कंपन्यांची तर तऱ्हाच वेगळी. फिल्टर मोठ्या प्रेमाने शेअर दाखवतो, ब्रेकआउट, व्हॉल्यूम, सगळ्या अटी हिरव्या. जाऊन बघावं तर 5 टक्क्यांच्या वरच्या सर्किटला, म्हणजे दिवसभरात भाव जिथवर चढू शकतो त्या हद्दीला टेकलेला, घेणाऱ्यांची लाखभर शेअरची रांग आणि विकणारा एकही नाही. घ्यायचा कुठून, सॉफ्टवेअरच्या घरून? चार दिवसांनी अखेर ऑर्डर लागते. तेव्हा समजून जायचं की आता खालचं सर्किट सुरू.

आणि ते व्हिडिओवाले! 'या एका फिल्टरने रोज कमवा.' जानेवारी 2025 मध्ये बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीने सांगितलं की शिकवण्याच्या नावाखाली गेल्या तीन महिन्यांचे भाव वापरायचे नाहीत. यांचं काय बिघडलं? यांना जुने चार्ट आवडतातच. जुन्या चार्टवर सगळंच चालतं हो. बाण काढून दाखवतात, इथे घेतला, इथे विकला, बघा किती सोपं. आजच्या निफ्टी 500 ची, म्हणजे 500 मोठ्या कंपन्यांची यादी घेऊन पाच वर्षं मागे फिल्टर लावतात आणि सगळे वर गेले म्हणून टाळ्या घेतात. अहो, वर गेले म्हणूनच तर आज त्या यादीत आहेत! जे मधल्या काळात बुडाले, बाहेर पडले, त्यांचा फोटो कोण लावणार भिंतीवर?

मी मात्र या सॉफ्टवेअरचे दर महिन्याला पैसे भरतो, कारण फुकटवाल्यांना भाव 15 मिनिटं उशिरा दिसतो. एरवी आठ-दहा हजारांचे माझे सौदे, त्यावर घेताना 0.1 टक्का एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर), विकताना परत 0.1, विकला की डीपी चार्ज (डीमॅटमधून शेअर बाहेर काढायची फी), आणि चुकून नफा झालाच तर वर्षाच्या आत विकला म्हणून 20 टक्के कर. जुलै 2024 च्या आधी 15 होता. तेव्हा मी काय करत होतो? तोटा.

काल रात्री चिडून सगळ्या अटी परत लिहायला बसलो. नुसत्या 200 डीएमएवर 214 शेअर आले. व्हॉल्यूमची अट टाकली, 38. आरएसआय टाकला, 9. सेक्टर चांगला हवा म्हणून अजून एक अट टाकली, शून्य. अख्ख्या हिंदुस्थानात एक शेअर माझ्या पसंतीला उतरेना, आमच्या आत्याला मुलाच्या लग्नात एकही स्थळ पसंत पडत नव्हतं तसं. साडेअकरा वाजले होते. दुप्पटच्या जागी 1.8 पट केलं आणि एंटर मारला.

तीन आले. पहिल्या ओळीत मंगळवारचा तो शेअर होता, जो काल सकाळी स्टॉपलॉस (भाव ठरल्यापेक्षा खाली गेला की आपोआप विकायची ऑर्डर) लागून माझ्या हातून गेला. काल दुपारपर्यंत त्याने 6 टक्के मारले होते.