‘बाय फ्रायडे’मधला शुक्रवार कर्ता नाही

परवा दहावीतल्या एका मुलीने वही पुढे केली. ‘द प्रोजेक्ट इज टू बी सबमिटेड बाय फ्रायडे.’ वाक्य चोख होतं. पण तिने स्वतःच ‘बाय’वर लाल शाईने काट मारून वर ‘टिल’ लिहिलं होतं. म्हणाली, “सर, शुक्रवार प्रोजेक्ट कसा सबमिट करेल? पॅसिव्हमध्ये बायनंतर करणारा येतो ना?”

हे तिच्या डोक्यात आलं ते एका फॉरवर्डमधून. तो मलाही तीन ग्रुपांवरून आला आहे. ‘टू बी’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप यांच्यापुढे वेळ कशी लिहावी, याचे चार नियम त्यात ठासून सांगितलेत. पॅसिव्हनंतर ‘बाय’ आला की पुढे कर्ताच येणार, म्हणून वेळेसाठी ‘टिल’ वापरा. ‘बाय फ्रायडे’ कुणी लिहिलंच, तर त्यात शुक्रवार धरू नका. ‘टू बी’ म्हणजे भविष्यकाळ, त्यापुढे मागची तारीख चालत नाही. आणि वेळेचा शब्द कायम वाक्याच्या शेवटी येतो, तो लगतच्या क्रियापदाचाच असतो. बरोबर लिहिणारी मुलं यामुळे चुकायला लागली आहेत, म्हणून एकेक नियम तपासू.

पहिला नियम सगळ्यात जास्त नुकसान करणारा आहे. ‘बाय’चा मुळातला अर्थ ‘जवळ, शेजारी’ असा. कर्ता दाखवण्याचं काम त्याच्याकडे पुढे आलं. १६११च्या किंग जेम्स बायबलमध्ये येशू योहानाकडे बाप्तिस्मा घ्यायला येतो, तिथे शब्द आहेत ‘टू बी बाप्टाइझ्ड ऑफ हिम’. म्हणजे पॅसिव्हमधला करणारा तेव्हा ‘ऑफ’नेही सांगत. ‘बाय’ची अनेक कामं आहेत आणि त्यातलं कुठलं चालू आहे, हे पुढचा शब्द सांगतो. ‘बाय द क्लर्क’मधला क्लर्क काम करू शकतो, शुक्रवार करू शकत नाही. इंग्रजी वाचणाऱ्याला इथे शंकाच येत नाही. दोन्ही एका वाक्यात आले तरी अडत नाही : ‘द फॉर्म इज टू बी साइन्ड बाय द प्रिन्सिपल बाय फ्रायडे.’ ऐकायला जरा जड आहे, चूक नाही.

आणि ‘टिल’? इथे आपली मराठी आपल्याला चकवते. ‘शुक्रवारपर्यंत अर्ज द्यायचा आहे’ आणि ‘शुक्रवारपर्यंत गोळ्या घ्यायच्या आहेत’, दोन्हीकडे आपण ‘पर्यंत’च म्हणतो. पण अर्ज एकदाच द्यायचा असतो आणि तो मुदतीत कधीही दिला तरी चालतो, म्हणून ‘टू बी सबमिटेड बाय फ्रायडे’. गोळ्या रोज घ्यायच्या, मध्ये थांबायचं नाही, म्हणून ‘टू बी टेकन टिल फ्रायडे’. अर्जाच्या वाक्यात ‘टिल’ घातला, तर अर्ज देण्याचं काम शुक्रवारपर्यंत सारखं चालू ठेवायचं असा अर्थ होतो. मुलांना मी एवढंच विचारायला सांगतो : काम एकदा उरकायचं आहे की चालू ठेवायचं आहे? उरकायचं असेल तर ‘बाय’, चालू ठेवायचं असेल तर ‘टिल’. नकार आला की मात्र एकदाच करायच्या कामालाही ‘टिल’ शोभतो. बंद पाकिटावर ‘नॉट टू बी ओपन्ड टिल मंडे’ लिहितात, कारण इथे न उघडणं हीच चालू राहणारी गोष्ट आहे.

दुसरा नियमही उलटा आहे. ‘बाय’ म्हणजे त्या वेळेनंतर नाही, त्या वेळेपर्यंत केव्हाही. शुक्रवारी दिलेला अर्ज मुदतीतच धरला जातो. शुक्रवार वगळायचा असेल तर ‘बिफोर फ्रायडे’ म्हणतात आणि कुणी वाद घालू नये म्हणून कचेऱ्या ‘ऑन ऑर बिफोर’ लिहितात. २० फेब्रुवारी १९४७ला ब्रिटनच्या ॲटली सरकारने भारताची सत्ता सोडण्याची मुदत जाहीर केली, तिचे शब्द होते ‘बाय अ डेट नॉट लेटर दॅन जून १९४८’. सत्ता प्रत्यक्षात सोपवली गेली १५ ऑगस्ट १९४७ला. मुदतीच्या कितीतरी आधी, तरी त्या ‘बाय’ला धरूनच. तिथे ‘टिल’ असता तर सत्ता सोपवण्याची क्रिया जूनपर्यंत लांबत राहिली असती.

याच उदाहरणात तिसरा नियमही पडतो. ‘पॉवर वॉज टू बी ट्रान्स्फर्ड बाय जून १९४८’ हे वाक्य निर्दोष आहे आणि तारीख आपल्या दृष्टीने कधीच मागे पडलेली आहे. भविष्य धरायचं ते ‘वॉज’च्या काळापासून, आजपासून नाही. पण फॉरवर्ड लिहिणाऱ्याला जे खुपलं असेल, त्यात थोडं तथ्य आहे. ‘सिंधुदुर्ग इज नोन टू बी बिल्ट इन द १६६०ज’ असं मुलं सर्रास लिहितात, ते चूकच. १६६४मध्ये पायाभरणी झालेल्या किल्ल्याबद्दल आज काही माहीत असेल, तर ‘टू हॅव बीन बिल्ट’ हवं. दोष तारखेचा नाही, ‘हॅव बीन’ गाळल्याचा आहे.

शेवटी जागेचा नियम. यासाठी आपली राज्यघटनाच उघडावी. कलम ३४३(२) सांगतं की घटना लागू झाल्यापासून पंधरा वर्षं संघाच्या कामकाजात इंग्रजी ‘शॅल कंटिन्यू टू बी यूज्ड’. ‘फॉर अ पीरियड ऑफ फिफ्टीन इयर्स’ ही मुदत तिथे इंग्रजीचं नाव येण्याआधीच येऊन जाते. ती मुदत संपण्याआधी १९६३चा राजभाषा कायदा झाला. त्यात ‘मे, ॲज फ्रॉम द अपॉइंटेड डे, कंटिन्यू टू बी यूज्ड’ असं आहे, म्हणजे वेळ वाक्याच्या ऐन मध्यात. १८९७च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम १०मध्ये मात्र ती ‘टू बी डन’नंतर येते : ‘ऑन अ सर्टन डे ऑर विदिन अ प्रिस्क्राइब्ड पीरियड’. तिन्ही जागा चालतात.

वेळ लगतच्या क्रियापदाचीच असते, हेही खरं नाही. ‘द ब्रिज वॉज ऑर्डर्ड टू बी रिपेअर्ड लास्ट मंथ’ हे वाक्य घ्या. ‘लास्ट मंथ’ चिकटून बसलाय ‘रिपेअर्ड’ला, पण सरळ अर्थ असा की हुकूम गेल्या महिन्यात निघाला. ‘शी आस्क्ड टू बी इन्फॉर्म्ड ऑन मंडे’मध्ये तर दोन्ही अर्थ संभवतात : तिने सोमवारी विनंती केली, की तिला सोमवारी कळवायचं? अशा वेळी शेवटीच ठेवण्याचा हट्ट सोडून ‘ऑन मंडे’ उचलून वाक्याच्या सुरुवातीला ठेवलं, की विनंती सोमवारी केली हे स्पष्ट होतं. कळवणंच सोमवारी असेल, तर ‘शी आस्क्ड दॅट शी बी इन्फॉर्म्ड ऑन मंडे’ लिहावं.