ताप, व्हाया इंग्रजी

आधी शब्द आले, मग ताप आला.

झालं असं, की फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी संध्याकाळी आमच्या डॅनिशच्या वर्गात बाईंनी आजारपणाचा कागद वाटला. पाठपोट छापलेला. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्यांचे डॅनिश अवतार. वर्गात आम्ही बारा जण, दहा देशांचे. त्यामुळे सगळ्यांची दुखणी आधी इंग्रजीत गोळा करायची आणि मग डॅनिशमध्ये वाटायची, अशी पद्धत. फीव्हरला फेबा, कफला होस्ते, नॉशियाला क्वाल्मे. मी पुण्याच्या शाळेत घोकंपट्टीवर वाढलेला माणूस. वर्गातून कोपनहेगनच्याच वाल्बी भागात घरी जाईपर्यंत लोकलमध्ये एक बाजू पाठ झाली, बुधवारी दुसरी. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत त्यातले सात शब्द मला झाले होते. इतक्या तयारीनिशी मी आयुष्यात कधी आजारी पडलो नव्हतो.

डॅनिशमध्ये आजारी माणसाला विचारतात, ‘वॅ फायला दू?’ म्हणजे तुला काय होतंय. पण ‘फायल’ म्हणजे चूक. तेव्हा मला हा प्रश्न पहिल्यापासून ‘तुझं काय चुकलं?’ असाच ऐकू येतो. आमच्या आईला ही भाषा फार आवडली असती. घरात कोणी शिंकलं की तिचा पहिला सवाल तोच असायचा. फक्त ती उत्तरही स्वतःच द्यायची: ‘रात्री दही खाल्लंस!’

यावर आपण म्हणायचं, ‘याय हार ओन्त इ’ आणि पुढे अवयवाचं नाव. ‘ओन्त’ म्हणजे वाईट, दुष्ट. गळ्यात वाईट, पोटात वाईट, पाठीत वाईट. निदान आमच्या कागदावर तरी सगळं शरीर या एका शब्दात आटोपलं होतं. आपल्याकडे कसं, घसा खवखवतो, डोकं ठणकतं, डोळे चुरचुरतात, गळू ठसठसतं, पोटात मुरडा येतो आणि कंबर नुसती धरते. प्रत्येक अवयव स्वतःचं क्रियापद बाळगून असतो. इथे सगळ्यांना मिळून एक ओन्त. मी बाईंना तसं म्हणालो. बाई म्हणाल्या, ‘पण डॉक्टरला कळतं ना?’ डॅनिश माणसाशी वाद घालता येत नाही तो यामुळे.

आजारांच्या नावांत मात्र त्यांनी कंजुषी केलेली नाही. रुबेला म्हणजे ‘रोदे हुने’, लाल कुत्रे. गालगुंड म्हणजे ‘फोरस्यूए’, मेंढ्यांचं दुखणं. लहान मुलांना गोवराबरोबर या दोघांची मिळून एकच लस देतात, म्हणजे एका सुईत मेंढ्या आणि त्यांच्या मागे लाल कुत्रे. नागिणीला ते ‘हेल्वेदेसइल’ म्हणतात, नरकातला अग्नी. ज्याला नागीण झाली आहे तो या नावावर लगेच सही करेल. आणि रात्री जास्त झाल्यावर सकाळी जे डोकं धरतं, त्याचं नाव ‘त्योमामेन’, म्हणजे सुतार. हे मला फार उशिरा कळलं. ऑफिसच्या नाताळच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरचा सहकारी कपाळ धरून म्हणाला, ‘माझ्याकडे सुतार आलेत.’ मी आस्थेने विचारलं, ‘किती दिवस चालेल काम?’ तो म्हणाला, ‘संध्याकाळपर्यंत आटपेल बहुधा.’ मी मनात म्हटलं, काय वक्तशीर देश आहे!

बाईंनी मग आम्हाला आपापल्या भाषेतली नावं सांगायला लावलं. मला चेव आला. मी गजकर्ण सांगितलं, हत्तीच्या कानासकट. घटसर्प सांगितला. शेवटी म्हणालो, ‘आमच्याकडे डोळे येतात.’ बाई म्हणाल्या, ‘येतात? कुठून?’ एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता. पोटातून पाय निघावेत तसे ते कुठून तरी निघत असणार. मी म्हटलं, ‘तोंडसुद्धा येतं.’ बाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

बरं, ताप म्हणजे फेबा, तर प्रत्येक फेबा म्हणजे ताप असावा की नाही? नाही. अंगावर पित्त उठलं की ‘नेलदेफेबा’; अंग गार असलं तरी चालतं. आणि प्रवासाच्या आदल्या रात्री जी घालमेल होते ती ‘रायसेफेबा’. हा एक मात्र आमच्या घराण्यात आहे. वडील सातच्या एसटीसाठी पाचला स्वारगेटला जाऊन बसत. त्यांना तो पन्नास वर्षं होता आणि आम्ही त्याला स्वभाव समजत होतो.

तर शुक्रवार. ऑफिसातून आलो तो अंगात कणकण घेऊनच. बायको महिनाभरासाठी पुण्याला गेलेली. मी पांघरुणात शिरलो आणि कागद काढला. कणकण कुठे आहे? डावीकडच्या रांगेत फीव्हर होता, चिल्स होते, ‘एक’ (ache, म्हणजे दुखणं) होता. हुडहुडीचं चिल्सवर भागलं असतं. कसकस तडजोड करून त्या ‘एक’मध्ये बसवली असती. पण कणकण? कणकण म्हणजे तो ताप, जो थर्मामीटरला दिसत नाही आणि आईला दिसतो. कपाळाला हाताची मागची बाजू लावून ती म्हणते, ‘अंग कोमट लागतंय,’ आणि शाळा बुडते. हा शब्द इंग्रजीच्या पुलावर चढतच नाही, मग पलीकडे डेन्मार्कमध्ये उतरणार कसा? म्हणजे त्या क्षणी मी अधिकृतरीत्या ठणठणीत होतो.

नऊपर्यंत प्रश्न मिटला, कारण कणकणीचा रीतसर ताप झाला. दात वाजायला लागले. घरात थर्मामीटर नव्हता. तो बायकोच्या पर्समध्ये, पर्स पुण्यात. वरच्या मजल्यावर एक सत्तरीच्या बाई राहतात, एकट्या, अत्यंत शिस्तीच्या. जिन्यात माझी सायकल वाकडी दिसली तर चिठ्ठी लावतात. पांघरूण घेऊनच मी त्यांचं दार वाजवलं आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं. त्या आत गेल्या, बऱ्याच वेळाने आल्या आणि एक थर्मामीटर माझ्या हातात ठेवत म्हणाल्या, ‘देन एर रेन.’ हा स्वच्छ आहे. मी आभार मानले. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. ‘हेल्त रेन.’ अगदी स्वच्छ. मी पुन्हा आभार मानले. जिना उतरताना वरून तिसऱ्यांदा आलं, ‘स्पिरिटने पुसलाय!’ मला भरून आलं. परक्या माणसासाठी एवढी काळजी! खाली येऊन मी तो जिभेखाली धरला. तासाभराने पुन्हा धरला. झोप लागेना म्हणून मधे उगाच एकदा धरला.

आकडा आला अडतीस पूर्णांक नऊ. आता, अडतीस पूर्णांक नऊ म्हणजे ताप आहे हे मला कोणी शपथेवर सांगितलं तरी आतून पटत नाही. आम्ही तापाला नव्याण्णव, शंभर, एकशे दोन असं ओळखतो. एकशे दोन म्हटलं की घरात हालचाल होते, मिठाच्या पाण्याच्या घड्या येतात. म्हणून मी तशा तापात पाठकोऱ्या कागदावर गणित मांडलं. नऊ पंचमांश, अधिक बत्तीस. एकशे दोन! जिवात जीव आला. आता आजारी असल्यासारखं वाटायला लागलं.

रात्री दवाखाना बंद असला तरी सल्ल्यासाठी फोन करता येतो. केला. रांगेत चौदावा होतो. अर्ध्या तासाने एक नर्स बोलायला लागली. बिचारी लगेच इंग्रजीत सुरू झाली होती. मीच म्हटलं, नको नको, डॅनिशमध्येच. एवढा कागद पाठ केला तो काय फुकट घालवायचा?

तिने आधी दहा आकडी ओळख क्रमांक विचारला. त्याचे पहिले सहा आकडे म्हणजे जन्मतारीख. माझं साल एकोणऐंशी आणि डॅनिशमध्ये ते म्हणतात ‘नी ओ हॅल्फ्येर्स’. परदेशी लोक या आकड्यांपाशी हाय खातात. मला ते का कोण जाणे, चटकन जमलं होतं. हॅल्फ्येर्स म्हणजे सत्तर, कारण ‘अर्धा चौथा’ म्हणजे साडेतीन आणि साडेतीन विसा सत्तर. पन्नासला ते ‘अर्धा तिसरा’ वीस म्हणतात, म्हणजे अडीच विसा. आपला अडीच तरी मुळात कोण? अर्धतृतीय, अर्धा तिसराच. माझी आजी गोवऱ्या विसानेच मोजायची. तिला इथे आणून बसवली असती तर आकड्यांच्या परीक्षेत वर्गात पहिली आली असती. ‘नी ओ’ म्हणजे नऊ आणि. ते आधी एकक म्हणतात, मग दशक. आपण बेचाळीस, त्रेचाळीस म्हणतो तसंच.

नर्स म्हणाली, ‘ताप किती आहे?’

मी अभिमानाने म्हटलं, ‘एकशे दोन.’

पलीकडे शांतता.

‘एकशे दोन?’

‘हो. मघाशी एकशे एक होता.’

‘ऐक,’ ती म्हणाली. इथे डॉक्टर, नर्स, शेजारी, प्रधानमंत्री, सगळे एकमेकांना अरे-तुरेच करतात. ‘शंभरला पाणी उकळतं.’

माझ्या लक्षात आलं. ज्या आकड्याला मी कष्टाने बदललं होतं, तिला नेमका तोच हवा होता. मी घाईघाईने कागद उलटा केला आणि म्हटलं, ‘ओते ओ त्राद्वे कोमा नी.’ तिने खात्रीसाठी तेच परत म्हटलं आणि तेवढ्यात मला माझंच बोलणं ऐकू आलं. कोमा! मी ताडकन उठून बसलो. आपण आत्ताच या बाईला सांगितलं की आपण कोमात आहोत? का तिने आपल्याला सांगितलं? कोमा हा साधा स्वल्पविराम आहे, दशांशचिन्हाच्या जागी ते स्वल्पविराम लावतात, हे आठवायला दोन पूर्ण श्वास लागले. तोवर ती पुढच्या प्रश्नावर गेली होती.

‘कुठे मोजलास?’

‘घरी.’

‘नाही. शरीरात कुठे?’

‘तोंडात.’

पुन्हा शांतता. ही आधीच्यापेक्षा लांब होती. मग ती अगदी हळुवार आवाजात म्हणाली, की आम्ही इथे तो ‘नुमसे’त मोजतो, बरोबर येतो. हा शब्द कागदावर नव्हता, पण वर्गातल्या एका लेकुरवाळीमुळे मला माहीत होता. छोट्यांशी बोलताना वापरतात. बसायच्या जागेला.

मी थर्मामीटरकडे पाहिलं. तो उशीजवळ होता. एवढ्या वेळात न पाहिलेले त्याचे तपशील मला आता दिसले: टोकाचा निमुळतेपणा, त्याचा मऊ गोलवा, एकूण हेतू.

‘थर्मामीटर तुझाच आहे ना?’ नर्सने विचारलं.

देन एर रेन. हेल्त रेन. स्पिरिटने पुसलाय.

‘हो,’ मी म्हटलं. ‘माझाच.’

तिने सांगितलं की पानोदिल घे, भरपूर पाणी पी, झोप, तीन दिवसांत उतरला नाही तर पुन्हा फोन कर. पानोदिल म्हणजे आपलं पॅरासिटामॉल. एवढंच. इंजेक्शन नाही, तीन रंगांच्या पुड्या नाहीत. ‘गो बेद्रिंग,’ ती म्हणाली, लवकर बरा हो, आणि तिच्या आवाजात काही तरी दाबल्यासारखं वाटलं. मी त्या रात्री चार वेळा दात घासले.

शनिवारी घाम येऊन ताप उतरला आणि पडल्या पडल्या मी सूड म्हणून थर्मामीटरचा इतिहास वाचत बसलो. तर काय निघावं? प्रकाशालासुद्धा वेग असतो हे १६७६ मध्ये गुरूच्या चंद्राच्या ग्रहणांवरून दाखवणारा ओले रोमर डॅनिश. त्याने तापमापीची एक पट्टीही बनवली होती. १७०८ मध्ये एक तरुण खास त्याला भेटायला कोपनहेगनला आला, त्याची पद्धत बघून गेला आणि तिच्यावरून पुढे स्वतःची पट्टी बेतली. त्या तरुणाचं नाव फॅरनहाइट. म्हणजे आमच्या घरातला एकशे दोन हा मुळात इथला, कोपनहेगनचा! आणि नर्सला हवा असलेला सेल्सियस? तो उप्सालाचा. स्वीडिश! ज्यांच्याशी यांनी शतकानुशतकं लढाया केल्या, त्यांचा! नर्सला परत फोन लावून हे सांगावं असं फार वाटलं. पण रांगेत चौदावा असतो माणूस, आणि तिने थर्मामीटरबद्दल पुन्हा विचारलं असतं.

रात्री आईचा फोन आला. बायकोने तिला सांगितलं होतंच. तिने ताप किती होता ते विचारलं नाही. ‘आवाज बसलाय, अजून कणकण आहे,’ म्हणाली. पुण्याहून वाल्बीतलं कपाळ तिच्या हाताला लागलं. हळदीचं दूध घ्यायला सांगितलं आणि परक्या घरून काय काय मागून आणलंस, असंही विचारलं. मी म्हटलं, काही नाही.

सोमवारी ऑफिसला जायच्या आधी थर्मामीटर नीट धुतला, गरम पाण्याने पुसला, वर स्पिरिट लावलं आणि वरच्या बाईंचं दार वाजवलं. त्यांनी विचारलं, बरा झालास? मी ‘रास्क’ म्हटलं, म्हणजे ठणठणीत, आणि थर्मामीटर पुढे केला. त्यांनी तो दोन बोटांनी, थोडा लांबच धरला.

‘देन एर रेन,’ मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली.

‘हेल्त रेन,’ मी म्हणालो आणि जिना उतरायला लागलो.